साहेब शुद्धीवर यायला हवेत

मंगळवारच्या बैठकीत साहेबांच्या नावाचा कागद टेबलावर आला तेव्हा सिस्टरला इतका आनंद झाला, की तिने शेजाऱ्याच्या बशीतलं बिस्किट उचलून खाऊन टाकलं. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, म्हणतात ते हेच. अठ्ठावीस वर्षं ती या माणसाची वाट बघत होती. म्हणजे त्याच्या घराभोवती घिरट्या घालत होती असं नाही. नोकरी केली, लग्न केलं, मुलगा वाढवला, जिने चढून चढून गुडघे झिजवले. पण मनाच्या एका कोपऱ्यात बसून ती सुरीला धार लावत होती, हे खरं. आता सावज आपण होऊन दारात आलं होतं, आणि तेही हातपाय गाळून.

ही बैठक म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या मनाचे आजार सांभाळणाऱ्यांची. दवाखान्याच्या मागच्या खोलीत, जिथे पंखा फिरतो पण वारा लागत नाही, तिथे दर मंगळवारी दहा वाजता सगळे जमत: डॉक्टरीणबाई, समाजसेविका, चाचण्या घेणाऱ्या बाई, व्यायाम करून घेणारा, औषधवाले काका आणि घरोघर फिरणारी सिस्टर. या सगळ्या प्रकाराला ते ‘साखळी’ म्हणत. एका म्हाताऱ्याचा कागद टेबलाभोवती फिरे आणि ज्याने त्याने त्यावर आपापलं लिहावं अशी पद्धत होती. एकाने विसरलं तर दुसऱ्याने आठवण करून द्यावी, हा हेतू. प्रत्यक्षात एकाने हात सोडला की सगळेच सोडून मोकळे होतात, हे सिस्टरने स्वतःच्या घरात पाहिलं होतं.

“वय अठ्ठ्याहत्तर,” डॉक्टरीणबाईंनी वाचलं. “तीव्र नैराश्य. दीड महिना अंथरुणावर. आतडी कुजलीत म्हणतात, म्हणून जेवत नाहीत. शिवाय अपराधीपणाचे भ्रम. निवृत्त अधिकारी, आपल्याच खात्याचे. ही साखळी त्यांनीच सुरू केली म्हणे. घरभेटींना कोण...”

“मी,” सिस्टर म्हणाली. बाईंचं वाक्य अजून पुरं व्हायचं होतं.

औषधवाल्या काकांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. त्या टेबलावर जुनं माणूस ते एकटेच. त्यांना माहीत होतं.

गोष्ट अशी होती. सिस्टरची आई गणवेश शिवायची: शाळेचे, बँडवाल्यांचे, इस्पितळातल्या आयांचे. एकटीने शिवून मुलीला शिकवलं, नर्स केलं. साठी उलटल्यावर आईला वाटायला लागलं, की वरच्या मजल्यावरची माणसं नळातून धूर सोडतात. औषध चालू झालं आणि आई पुन्हा माणसात आली. आठवड्याच्या गोळ्यांचा डबा साखळीचा माणूस घरी आणून द्यायचा. मुलगी तेव्हा पंचविशीची, दुसऱ्या गावच्या इस्पितळात नवी नवी लागलेली. साखळी आहे ना, मग काळजी कसली, असं ती सगळ्यांना अभिमानाने सांगायची.

मग डबा आणणारा माणूस बदलला. नवा आला तो दुपारी अडीच वाजता दार ठोठावायचा, दोन मिनिटं थांबायचा आणि दाराखालून चिठ्ठी सरकवायचा: आपण घरी नव्हता, संपर्क साधावा. असा तीनदा आला. आणि तीन फेऱ्यांत दार उघडलं नाही तर नाव कमी करायचं, असा साहेबांनी घालून दिलेला नियम होता. साहेबांनी हिरव्या शाईत शेरा मारला: ‘तीन फेऱ्या पूर्ण. रुग्ण सहकार्य करीत नाही. प्रकरण बंद.’ त्याची प्रत काकांकडे गेली आणि काकांनी डबा भरणं थांबवलं. डॉक्टरांना वाटलं, समाजसेविकेने पाहिलं असेल. समाजसेविकेला वाटलं, मुलगी नर्स आहे, तिने आईला नेलं असेल. चाळीस दिवसांनी दार तोडलं तेव्हा आई संपलेली होती. तीन चिठ्ठ्या तिने तारखेप्रमाणे लावून टाचणीने एकत्र टोचून ठेवल्या होत्या, अगदी नीटनेटक्या.

आईचं दार ठोठावून उघडत नसे. बाहेर बसून तिच्याशी कापडाबद्दल, दोऱ्याबद्दल बोलत राहावं लागे, मग अर्ध्या तासाने कडी निघे. हे मुलीला ठाऊक होतं. तिने ते साखळीतल्या कोणालाही सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं. ही गोष्ट ती स्वतःशीसुद्धा फारशी बोलत नसे.

पुढे बदली मागून ती याच साखळीत आली. तीन फेऱ्यांचा नियम तिने एकदाही पाळला नाही. कोणाच्या दाराशी ती सतरा वेळा गेली, कोणाच्या एकवीस. सहकारी तिला पाठीमागे ‘गोचीड’ म्हणत. तिला ते माहीत होतं आणि आवडतही होतं. साहेब मात्र ती येण्याआधीच बढती घेऊन वरच्या कचेरीत गेले आणि तिथूनच निवृत्त झाले. लग्नानंतर नाव बदललेल्या नर्सला ते ओळखण्याचा प्रश्नच नव्हता.

पहिल्या भेटीला तिने शब्द तयार ठेवले होते. अठ्ठावीस वर्षं घोटलेले, एकेक तासून टोकदार केलेले. साहेबांची मुलगी दार उघडून बाजूला झाली आणि सिस्टर आतल्या खोलीत गेली. पलंगावर चादरीखाली काहीतरी होतं. गालाची हाडं, वाढलेली पांढरी दाढी, कोरडे ओठ. या माणसाच्या सहीने एके काळी माणसं चळचळा कापायची.

“साहेब, मी सिस्टर. मला तुमच्याशी एका बाईंबद्दल बोलायचंय. गणवेश शिवायच्या.”

“मारलं मी,” साहेब डोळे न उघडताच म्हणाले.

सिस्टरच्या अंगावर काटा आला. इतक्या सहज? “कोणाला मारलंत?”

“तिला. सगळ्यांना. जहाज बुडालं ना, ते मी बुडवलं. पाण्याच्या टाकीत विष मीच घातलं.”

खात्री करून घ्यावी म्हणून तिने विचारलं, “आणि गेल्या वर्षीचा पूर?”

“तोही मीच आणला,” साहेब म्हणाले आणि रडायला लागले.

झालं! अठ्ठावीस वर्षांनी पदरात काय पडलं, तर ही असली कबुली. जो माणूस पूर आणल्याचंही कबूल करतो, त्याने आईला मारल्याचं कबूल केलं काय आणि न केलं काय. सिस्टरला एवढा संताप आला की हातातला रक्तदाबाचा पट्टा तिने पिशवीत अक्षरशः कोंबला. शब्द ऐकवायचे तर ऐकणारा जागेवर हवा. मेलेल्याला मारून काय मिळणार?

संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. नवरा लेथवर काम करणारा माणूस, बोलायचा कमी आणि मोजूनमापून.

“मग सोड ना आता,” तो म्हणाला. “देवाने केली शिक्षा.”

“देवाने केली, मी नाही केली. अहो, त्यांना कळायला नको का, कशाबद्दल ते?”

“मग काय करणार?”

“बरं करणार. एकदा खडखडीत बरा होऊ दे. मग सांगते.”

नवऱ्याने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. “सूड म्हणून माणसाला खाऊपिऊ घालणारी बाई मी पहिल्यांदाच बघतोय,” तो म्हणाला आणि हात धुवायला गेला.

मग जे सुरू झालं ते पाहून सगळी साखळी थक्क झाली. सिस्टर एका दिवसाआड साहेबांकडे जाऊ लागली. चमच्या-चमच्याने दूध पाजायची. आतडी कुजलीत म्हणाले की म्हणायची, “कुजू देत, साहेब, तरी गिळा.” काकांना तिने सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या वेगवेगळ्या रंगांच्या खणांत भरायला लावल्या. व्यायामवाल्याला दंडाला धरून घेऊन गेली. समाजसेविकेला सांगून साहेबांच्या मुलीसाठी आठवड्यातून दोन दुपारी मदतीची बाई लावून दिली, कारण ती पोरगी दोन महिने धड झोपलेली नव्हती. एका औषधाने साहेबांची जीभ जड पडते, हे आधी सिस्टरच्याच लक्षात आलं आणि ते तिने डॉक्टरीणबाईंकडून बदलून घेतलं.

“सिस्टर, तुमच्यासारखी चार माणसं असती ना!” डॉक्टरीणबाई भर बैठकीत म्हणाल्या.

सिस्टरने मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं, विनय. काका तेवढे मिशीत हसले.

बैठक संपल्यावर त्यांनी तिला जिन्यात गाठलं. “पोरी, तुझ्या आईचा डबा मीही थांबवला होता. माझा नंबर कधी?”

“तुम्ही दर वर्षी त्या तारखेला माझ्यासमोर येऊन उभे राहता, काका. तोंडातून शब्द फुटत नाही, पण येता. त्यांना तारीखसुद्धा माहीत नाही.”

साहेब सुधारायला लागले. पहिल्यांदा आतडी बरी झाली, मग भूक लागली. दर दोन आठवड्यांनी प्रश्नांचा कागद भरायचा असे, त्यात एक प्रश्न होता: अपराधी वाटतं का? आधी उत्तराला जागा पुरत नव्हती. मग एके दिवशी पूर गेला. “पूर कसा कोणी आणेल, सिस्टर? काहीतरीच काय!” पुढच्या खेपेला टाकीतलं विष गेलं. जहाज बरेच दिवस टिकलं, मग तेही तरंगून कुठेतरी निघून गेलं. सिस्टर श्वास रोखून बघत होती. खोट्या पापांचा पाचोळा उडून गेला की खाली जे खरं उरेल ते आपलं, असा तिचा हिशेब होता.

खाली काहीच उरलं नाही. चौथ्या महिन्यात साहेब दाढी करून, कडक शर्ट घालून खुर्चीत बसले होते. कागदावर त्या प्रश्नासमोर त्यांनी स्वतःच्या हाताने ठणठणीत ‘नाही’ लिहिलं. हिरव्या शाईत.

आता तिने पिशवीतून आईच्या प्रकरणाची प्रत काढली आणि समोर ठेवली. साहेबांनी ती चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली. एका ठिकाणी तारीख चुकली होती, ती बोटाने दाखवली.

“मग?” ते म्हणाले.

“ही माझी आई.”

“अच्छा. वाईट झालं.” त्यांनी कागद पुन्हा चाळला. “पण नियमात बसतंय, सिस्टर. माणसं घरी बसून खोट्या फेऱ्या लिहायची, म्हणून मी आकडा ठरवून दिला. तीन खऱ्या फेऱ्या झाल्यात इथे. आजारात मी काहीबाही बरळलो असेन, ते मनावर घेऊ नका.” मग पुन्हा एकदा एका ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, अगदी सरळ, कसलाही खवचटपणा न करता, “इथे लिहिलंय, मुलगी नर्स आहे. तुम्ही कुठे होता?”

सिस्टर उठली आणि बाहेर जाऊन जिन्यात बसली. गरज सरो, वैद्य मरो! सुंभ जळाला पण पीळ गेला नाही. आणि तो जळका सुंभ तिनेच चार महिने तेलपाणी करून पुन्हा वळून दिला होता. पिशवीत साहेबांचा पुढच्या आठवड्याचा डबा होता. तो घरी नेला तर? असं तीन-चार आठवडे केलं की पुरे. पुन्हा चादरीखाली, पुन्हा रडणं, पुन्हा ‘मारलं मी’. हा विचार तिने नीट, चवीने, शेवटच्या घासापर्यंत केला. मग लक्षात आलं, की ती कबुली तर आपण एकदा ऐकलीय आणि तिने आपलं पोट भरलेलं नाही. ती परत आत गेली आणि डबा साहेबांच्या मुलीच्या हातात देऊन आली.

पण गोचीड ती गोचीडच. साखळीत एक पद्धत होती. जे बरे होत, त्यांना ‘सोबती’ करून दुसऱ्या आजारी म्हाताऱ्यांकडे पाठवत. साहेब तसेही घरात कंटाळले होते आणि बैठकीला येऊन सगळ्यांचे कागद तपासायची त्यांना हौस होती. सिस्टरने पुढच्या मंगळवारी त्यांचं नाव सुचवलं. डॉक्टरीणबाई खूश झाल्या आणि साहेब तर फुगलेच.

त्यांना तिने टेलिफोनवाल्या आजी दिल्या. या बाई आयुष्यभर टेलिफोन खात्यात लोकांचे फोन जोडून द्यायच्या. आता त्यांना वाटे, की दारात येणारा प्रत्येक माणूस कोणाचं तरी सोंग घेऊन आलाय. त्या दार उघडत नसत. भाचा खिडकीतून जेवण आत ठेवून जाई.

“स्टूल घेऊन दाराशी बसायचं,” सिस्टरने सांगितलं. “रोज वेगळ्या वेळी, अर्धा तास. आपण कोण ते सांगायचं आणि बोलत राहायचं. ठोठावायचं नाही.”

“काय बोलू?”

“काहीही. तुम्हाला भाषणांची सवय आहे.”

तिसऱ्या दिवशी साहेब घामाघूम होऊन आले. “झाल्या तीन. उघडत नाहीत त्या. सहकार्य नाही.”

“उद्या अकरा वाजता,” सिस्टर म्हणाली.

“सिस्टर, नियमाप्रमाणे...”

“नियम तुमचा, दारं माझी. तुम्ही गेला नाहीत तर मंगळवारी मी सांगेन, साहेबांना जमलं नाही.”

हे मात्र वर्मी बसलं. साहेब गेले. चौथ्या दिवशी गेले, पाचव्या दिवशी गेले. भाषणं संपली, मग ते आपल्या आजाराबद्दल बोलले, मग मेलेल्या बायकोबद्दल, मग बोलायला काही उरलं नाही तेव्हा जिन्यावरून कोण गेलं, काय घेऊन गेलं ते सांगत बसले. सिस्टर खालच्या कट्ट्यावर बसून वाट बघायची. तिला दया आली का? नाही आली. उलट, ते कठड्याला धरून धापा टाकत उतरताना दिसले की तिला बरं वाटायचं.

नवव्या दिवशी ते खाली आले ते सरळ तिच्या शेजारी बसले.

“उघडलं?” तिने विचारलं.

“बोटभर. दाराची साखळी लावूनच. म्हणाल्या, तुमचा आवाज आता ओळखीचा झाला. म्हणाल्या, मी पहिल्या दिवसापासून इथेच बसलेय. दाराला लागून खुर्ची आहे, सिस्टर. मी पाहिली. म्हणाल्या, रोज कडीला हात लावायचे, पण हात वळायचा नाही. मी बाहेर बसून बाई सहकार्य करत नाही म्हणत होतो, आणि ती वीतभर अंतरावर होती.”

रस्त्यावर कोणी तरी गाडी चालू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती होत नव्हती.

“तुमची आई,” साहेबांनी विचारलं, “सापडली तेव्हा कुठे होती?”

हा प्रश्न अठ्ठावीस वर्षांत तिला कोणीच विचारला नव्हता. घोटलेल्या शब्दांपैकी एकही कामी आला नाही. “दाराच्या आत,” ती म्हणाली. “शिवणाच्या स्टुलावर. दाराला टेकून बसलेली होती, म्हणून तर तोडायला वेळ लागला.”

साहेबांनी दोन्ही हात तोंडावर ठेवले. सिस्टर त्यांच्याकडे बघत राहिली, डोळे भरून. मग तिने त्यांना घरी सोडलं.

पुढच्या गुरुवारी दवाखान्यात साहेबांची तपासणी होती. डॉक्टरीणबाई प्रश्नांचा कागद वाचत होत्या, सिस्टर वजन लिहून घेत होती.

“अपराधी वाटतं का?”

“वाटतं,” साहेब म्हणाले.

“रोज?”

“रोज.”

बाईंचा चेहरा उतरला. “सिस्टर, लक्षणं परत येतायत. किती छान झाले होते! डोस वाढवूया आपण.” त्यांनी औषधाची चिठ्ठी पुढे ओढली.

“जरा थांबा, डॉक्टर.” सिस्टरने लेखणी खाली ठेवली. “साहेब, जहाज बुडवलंय का तुम्ही?”

“नाही हो.”

“टाकीत विष? पूर?”

“नाही.”

“मग कशाबद्दल वाटतं?”

साहेबांनी सरळ तिच्याकडे पाहिलं. आवाज स्वच्छ होता, जीभ जड नव्हती. “एक बाई होत्या. गणवेश शिवायच्या. माझा माणूस त्यांच्या दाराशी तीनदा गेला. चौथ्यांदा मी जाऊ दिला नाही.”

सिस्टरला हेच हवं होतं. शब्दाला शब्द, असंच हवं होतं. छातीत काहीतरी घट्ट धरून ठेवलेलं सुटलं, आणि तिला जाणवलं की ते सगळंच्या सगळं सुटलेलं नाही. अर्धं तिथेच होतं, तिचं स्वतःचं.

“डोस वाढवू नका,” ती म्हणाली.

“अहो, पण हे लक्षण आहे सिस्टर.”

“दोन वेळा जेवतात. सात तास झोपतात. महिन्याभरात दोन किलो वजन वाढलंय. रोज त्या आजींकडे जाऊन येतात. लक्षण नाही हे, डॉक्टर.” तिने औषधाची चिठ्ठी बाईंच्या हाताखालून हळूच काढून घेतली. “गोळीने जायचं नाही ते. मला माहीत आहे, माझंही अठ्ठावीस वर्षांत गेलेलं नाही. राहू दे त्यांच्याकडे.”